पदकावरचे नाव आणि चांदीचा भाव

'लिलाव' हा शब्द आज आपण घरचाच म्हणून वापरतो. परंतु तो मूळचा पोर्तुगीज. त्याच्या आधीपासून आपल्या कचेऱ्यांत 'हर्रास' हा शब्द रूढ होता आणि हर्रासात बोली बोलण्याला 'सवाल चढविणे' म्हणत. शब्द कोणताही घ्या, व्यवहार एकच : चारचौघांसमोर वस्तू मांडावयाची, चढाओढ लावावयाची आणि शेवटचा सवाल ज्याचा त्याच्या पदरात ती टाकावयाची. जुनी चांदीची भांडी, खिशातली घड्याळे आणि लष्करी पदके या तीन वस्तूंचा असा लिलाव लंडनमध्ये वर्षानुवर्षे होत आला आहे. तिन्ही बहुधा एकाच घरच्या एकाच कपाटातून बाहेर पडतात. आजोबा कुठल्याशा पलटणीत होते. त्यांच्यामागे चहाची किटली, साखळीचे घड्याळ आणि फितीत अडकविलेली दोन-चार पदके राहिली. नातवंडांत वाटणी झाली की ती बाजारात येतात.

या वस्तूंची किंमत ठरते कशावर, असा प्रश्न आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत. वरवर पाहता तो व्यापाऱ्याचा प्रश्न वाटेल. तथापि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे ते आपल्याला थेट आपल्या इतिहासाच्या आणि आपल्या घरांच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडते.

प्रथम चांदीचे पाहू. इंग्लंडात इ. स. १३०० मध्ये पहिल्या एडवर्ड राजाच्या कायद्याने चांदीच्या कसाची सक्तीची पारख सुरू झाली आणि पारखलेल्या नगावर चित्त्याच्या तोंडाचा छाप पडू लागला. १४७८ पासून त्याच्या जोडीला वर्षाचे अक्षर आले. १५४४ पासून चालत्या सिंहाचा छाप आला. कारागिराची स्वतःची खूणही असेच. परिणाम असा झाला की तीनशे वर्षांपूर्वीचा एखादा चमचा हातात घेतला, तर तो कुठल्या शहरात, कुठल्या वर्षी आणि कुणाच्या हातून घडला हे जाणकार मनुष्य भिंगातून पाहून सांगू शकतो. लिलावात पैसे मोजतात ते या सांगण्याला. चांदीचे वजन हा त्यातला सर्वांत लहान भाग.

आपल्याकडे कारागिरी काय कमी होती? अत्तरदाणी, गुलाबदाणी, पानदान, निरांजने, पळी-पंचपात्री यांवर आपल्या कासारांनी आणि सोनारांनी जे काम केले ते कुठल्याही देशाने मिरवावे असे आहे. पण त्यावर घडविणाऱ्याचे नाव सहसा नसते. भुजचे ओमरसी मावजी हे एक ठळक अपवाद. कच्छच्या दरबारच्या या कारागिराने आपल्या नगांवर आपल्या नावाची इंग्रजी आद्याक्षरे उमटविली. आज जगाच्या बाजारात त्यांच्या नगाला धातूच्या कितीतरी पट किंमत येते. त्याच तोलाचे काम करणारे, पण खूण न ठेवणारे आमचे कारागीर मात्र अनामिक राहिले, आणि त्यांचे काम सराफाच्या तागडीत 'मोड' म्हणून पडते. सराफ घट धरतो, उरलेल्या वजनाचे पैसे देतो आणि नग मुशीत जातो. हा सराफाचा दोष नव्हे. ज्या वस्तूला नाव नाही तिला वजनाखेरीज दुसरे माप लावावयाचे कसे?

घड्याळाची गोष्ट याहून बोलकी आहे. ५ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये महात्मा गांधींच्या काही वस्तूंचा लिलाव झाला : चष्मा, चपला, ताट, वाटी आणि चांदीच्या कवचाचे झेनिथ बनावटीचे खिशातले घड्याळ. कमरेला घड्याळ लटकावून वेळेचा हिशेब ठेवणाऱ्या त्या महात्म्याचे चित्र आपल्या डोळ्यांपुढे आहेच. ज्याने आयुष्यभर अपरिग्रह सांगितला त्याच्या वस्तूंवर अठरा लाख डॉलरांचा सवाल चढला. लिलाव थांबविण्यासाठी खटपट झाली, दिल्लीच्या उच्च न्यायालयाने मनाई हुकूमही दिला. पण परदेशातील हातोडा त्याने थांबला नाही. शेवटी विजय मल्ल्या या हिंदी उद्योगपतीनेच त्या वस्तू घेतल्या. त्या बनावटीचे तेवढ्याच जुन्या चांदीचे दुसरे घड्याळ कितीला मिळाले असते? फार तर एखाद्या सामान्य गृहस्थाला परवडेल एवढ्याला. दोन घड्याळांत यंत्राचा फरक नव्हता. फरक होता तो 'हे त्यांचे' असे सांगणाऱ्या पुराव्याचा.

आता पदकांकडे वळू, कारण आमच्या विषयाचे मर्म तेथे आहे. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले. त्या लढाईसाठी कंपनी सरकारने पदक पाडले, त्यावर वाघाला लोळविणारा सिंह दाखविला आणि ते हुद्द्याप्रमाणे वाटले : वरिष्ठांस सोन्याचे, त्याखाली सोन्याचा मुलामा दिलेले, मग चांदीचे, मग ब्राँझचे आणि साध्या शिपायास कथलाचे. कुणाच्याही पदकावर नाव नव्हते. पुढे १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर जे पदक दिले त्यात नवी गोष्ट झाली. सेनापतीपासून शिपुरड्यापर्यंत सर्वांना एकच चांदीचे पदक मिळाले आणि प्रत्येकाच्या पदकाच्या काठावर त्याचे नाव ठसविले गेले. हा बदल लहान दिसतो. पण सामान्य शिपायाचे नाव धातूवर उमटणे म्हणजे इतिहासाच्या दप्तरात त्याला जागा मिळणे होय.

१८५१ मध्ये 'आर्मी ऑफ इंडिया' नावाचे चांदीचे पदक मंजूर झाले. फीत फिकट निळी. १८०३ ते १८२६ या काळातील लढायांसाठी ते होते, आणि ज्या लढाईत मनुष्य हजर होता तिच्या नावाची पट्टी पदकावर बसवीत. अशा एकवीस पट्ट्या होत्या. त्यांतील काही नावे ऐका : असई, अरगाव, गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर, महिदपूर, कोरेगाव. श्रोतेहो, ही यादी म्हणजे मराठेशाहीच्या पाडावाची रोजनिशीच नव्हे काय? ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी, २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डी, २१ डिसेंबरला महिदपूर, १ जानेवारी १८१८ ला कोरेगाव. आपल्या गावांची नावे परक्या लिपीत, परक्या उच्चारात, चांदीवर कोरून विजेत्यांच्या छातीवर लागली. आणि योग पाहा : ज्या साली हे पदक मंजूर झाले त्याच साली, जानेवारीत, दुसरे बाजीराव बिठूरास वारले.

या पदकाला आज लिलावात मोठी किंमत येते, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. ते फक्त हयात माणसांना मिळाले. असईला वीस वर्षांचा असलेला शिपाई १८५१ मध्ये अडुसष्ट वर्षांचा झालेला. किती उरले असतील? म्हणून पदके थोडी, आणि काही पट्ट्या तर अत्यंत विरळ. जेथे नाव, पट्टी आणि जुनी पटावरची नोंद जुळते तेथे सवाल चढतो. जेथे काठ घासून नाव पुसले आहे तेथे ती निव्वळ चांदीची चकती राहते.

पण फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या रणात बापू गोखले पडले, त्या अष्टीची पट्टी या पदकावर नाही. आणि असती तरी ती विजेत्यांचीच असती. पराभूताला पदक नसते. आमच्याकडे पराक्रमाचा गौरव निराळ्या रीतीने होई : सोन्याचे कडे, शिरपाव, पालखीचा मान, इनाम जमीन. कडे पुढच्या पिढीत मोडले गेले, वस्त्र विरले, जमिनीच्या वाटण्या झाल्या. उरले ते मोडी कागद. आमची पदके चांदीवर नाहीत, ती पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि घरोघरच्या रुमालांत आहेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापावयास घेतली, ती गावोगाव हिंडून, माळे आणि तळघरे धुंडून. एकेका कागदाने एकेक विसरलेले नाव परत आणले.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. खडकीच्या किंवा कोरेगावच्या मैदानात मराठी बोलणारी माणसे एकाच बाजूला नव्हती. मुंबईच्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते. कोरेगावच्या स्तंभावर जी नावे कोरलेली आहेत त्यांत अखेरीस 'नाक' असलेली बावीस नावे महार शिपायांची म्हणून ओळखू येतात. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याच समाजाला सैन्याची दारे बंद झाली. तेव्हा 'आम्ही लढलो होतो' असे सांगावयास बखर नव्हती, दरबारी कवी नव्हता. दगडावरची नावे होती. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले ते याच नावांसाठी. नावाची नोंद ही केवळ हौसेची बाब नसते, ती हक्काची सनद होऊ शकते, हे यावरून ध्यानात यावे.

यापुढचा प्रसंग आपल्या अनेक घरांना लागू पडणारा आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापलीकडे गेली. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसापोटेमियात गेली. तीत १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ या कूतच्या वेढ्यात त्यांनी उपासमार सोसली आणि शेवटी कैद पत्करली. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे या एका गावाचे ४६ जण त्या महायुद्धात पडले. युद्धानंतर जे चांदीचे पदक वाटले गेले ते साम्राज्यभर मिळून सुमारे पासष्ट लाख. लढवय्यांना चांदीचे, हमाली करणाऱ्या बिनलढाऊ नोकरांपैकी अनेकांना ब्राँझचे. प्रत्येकाच्या काठावर क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण.

पुढे काय झाले? १९४० मध्ये जर्मन बाँबफेकीत लंडनच्या एका कोठाराला आग लागली आणि इंग्रज शिपायांच्या त्या युद्धातील नोकरीच्या कागदांपैकी निम्म्याहून अधिक जळाले. कित्येकांच्या बाबतीत पदकाचा काठ आणि पदकांची यादी एवढीच साक्ष उरली. आणि मग आला चांदीचा भाव. १९७९ च्या आरंभी औंसाला सुमारे सहा डॉलर असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नास डॉलरांच्या घरात गेली. पदकाचे वजन जेमतेम एक औंस. बाजारात पदक म्हणून त्याला जे मिळे त्याहून चांदी म्हणून अधिक मिळू लागले. इंग्लंडात पदकेच्या पदके मुशीत गेली. आगीने जे सोडले होते ते भावाने नेले. हलकी म्हणून दिलेली ब्राँझची पदके मात्र त्या तडाख्यातून सुटली. त्यांना वितळवून कुणाला काय मिळणार होते?

याच्या उलट व्हिक्टोरिया क्रॉस पाहा. तो चांदीचाही नाही, साध्या ब्राँझचा. धातूची किंमत नगण्य. परंतु मागील बाजूस शूराचे नाव आणि पराक्रमाची तारीख कोरलेली असते. २००६ मध्ये सिडनीत गॅलिपोलीच्या रणातील एका कॅप्टनचा क्रॉस सुमारे बारा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांना गेला, आणि घेणाऱ्याने तो राष्ट्राच्या युद्धस्मारकाला देऊन टाकला. आपल्याकडे नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी, दोघांनीही इटलीत, हा मान मिळविला. घाडगे त्याच दिवशी पडले. त्या तारखेची आणि त्या नावाची बोली कोणत्या हातोड्याने लावावी?

अलीकडेच, एप्रिल २०२५ मध्ये, लंडनच्या लिलावात एक तलवार आली. पाते फिरंगी, पण त्यावर सोन्याने, देवनागरीत, नागपूरच्या सेनासाहेब सुभा रघोजी भोसले यांचे नाव. महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख १५ हजार रुपयांस ती घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईस आली. नाव नसते तर ती जुन्या शस्त्रांच्या ढिगातली एक तलवार होती. नाव होते म्हणून ती ओळखू आली, आणि ओळखू आली म्हणून घरी आली.

आमच्या मते या साऱ्याचा इत्यर्थ एकच. वस्तू जपणे हे अर्धे काम. वस्तूचे सांगणे जपणे हे उरलेले अर्धे, आणि तेच अधिक निकडीचे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरील पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास खाजगी माणसाला बंदी आहे. पण गल्लीतल्या मुशीला कायदा कुठवर पुरणार? दिनकर केळकरांनी जुनी घरे आणि जुने बाजार धुंडून हजारो वस्तू वाचविल्या आणि पुण्याचा राजा केळकर संग्रह उभा करून तो शासनाच्या स्वाधीन केला. एवढे प्रत्येकाला जमणार नाही. जमेल ते इतकेच : घरातल्या पदकाचा काठ भिंगाखाली वाचावा, ब्रासोने घासून तो पुसू नये, आजोबांचे घड्याळ त्यांना कुणी, कधी दिले ते आजी आहे तोवर तिला विचारून कागदावर उतरवावे, तांब्या मोडीत घालावयाची पाळीच आली तर निदान त्याच्यावरील नाव, गाव आणि शक आधी टिपून घ्यावा.

अडचणीच्या वेळी चांदी विकण्यात लाज नाही. पुष्कळ घरे तिच्यावरच तगली आहेत. चांदी पुन्हा घेता येते. काठावरचे नाव एकदा वितळले म्हणजे ते कोणत्याही भावाने परत मिळत नाही.