हाताने माल उचलायच्या दुकानाचं कूळ

अक्कलकोटच्या पेठेत किराणा घ्यायची जुनी रीत यादीची. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करतं, दुकानदार ती मोठ्याने वाचतो. मराठीत सुरू झालेलं बोलणं मध्येच कानडीत जातं. तूरडाळ कुठली देऊ, शेंगदाणे मोठे की बारीक, हे विचारून होईपर्यंत पोऱ्याने साखर तोललेली असते. चिठ्ठीवर एकेका नावापुढे रक्कम पडत जाते. माल गल्ल्याच्या पलीकडे, गिऱ्हाईक अलीकडे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जगात बहुतेक ठिकाणी वाणसामानाचं दुकान असंच चालायचं.

ही रीत मोडली ती अमेरिकेत, मेंफिस शहरात. ६ सप्टेंबर १९१६ रोजी क्लॅरेन्स सॉन्डर्स या माणसाने 'पिगली विगली' नावाचं दुकान उघडलं. आत शिरायला फिरतं दार, पुढे एकच वळणावळणाची वाट, दोन्ही बाजूंना फळ्यांवर मांडलेला माल, प्रत्येक वस्तूवर किंमत. गिऱ्हाइकाने हवं ते स्वतः उचलायचं आणि बाहेर पडताना पैसे द्यायचे. नोकरांचा खर्च वाचला, भाव उतरला. सॉन्डर्सने या मांडणीचं पेटंट १९१७ मध्ये घेतलं आणि थोड्याच वर्षांत त्याच्या साखळीत हजारावर दुकानं झाली.

पुढे जे घडलं ते या कुळाची खूणच होऊन बसलं. १९२३ मध्ये सॉन्डर्सच्या हातून कंपनी गेली. गिऱ्हाइकं आटली म्हणून नव्हे. आपल्याच कंपनीचे शेअर पाडू पाहणाऱ्या सटोडियांना धडा शिकवायचा म्हणून त्याने प्रचंड कर्ज काढलं, शेअर विकत घेतले आणि डाव अंगावर आला. दुकानं चालूच राहिली, मालक बुडाला.

आपल्याकडच्या शाखेची एक मुळी वेगळीकडे जाते, इंग्लंडातल्या रॉचडेलला. तिथे १८४४ मध्ये २८ जणांनी वर्गणी काढून लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ आणि मेणबत्त्या एवढ्याच मालावर सहकारी दुकान थाटलं. त्यात हातमागावर काम करणारे विणकर होते. तोच विचार घेऊन १९४८ मध्ये मुंबईत नायगावच्या कामगारवस्तीत सहकारी ग्राहक भांडार उभं राहिलं. पुढे त्याचं 'अपना बाजार' झालं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस याच अपना बाजारची नेरूळमधली शाखा राधाकिशन दमाणी यांनी चालवायला घेतली. धंदा तिथे समजून घेतला आणि २००२ मध्ये पवईला पहिलं डीमार्ट काढलं. विणकरांचं दुकान आणि डीमार्ट यांच्यामध्ये पिढ्या मोजायला बोटंही लागत नाहीत, इतकं हे नातं जवळचं आहे.

त्याच काळात दुसऱ्या शाखाही फोफावल्या. चेन्नईत १९९७ मध्ये सुरू झालेली 'सुभिक्षा' दोन-तीन वर्षांत दीडशेच्या आसपास दुकानांवरून सोळाशेवर गेली आणि २००९ मध्ये पार मिटली. रोकड संपली होती. भाडी थकली, पगार थकले, फळ्या रिकाम्या पडल्या. 'बिग बझार'चं तसंच झालं. टाळेबंदीने विक्री बसली, कर्ज आधीच डोक्यावर होतं, त्यात मालकीचा वाद कोर्टात अडकला. जागांची भाडी थकल्यावर ते भाडेपट्टे रिलायन्सने आपल्याकडे घेतले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये एकेका दुकानावरची पाटी उतरू लागली. इंग्लंडातल्या वूलवर्थ्सची गोष्ट तर धडा म्हणून शिकवावी अशी. लिव्हरपूलला १९०९ मध्ये पहिलं दुकान, शंभर वर्षांत आठशेच्या आसपास दुकानं. २००१ मध्ये दीडशेहून जास्त मालकीच्या जागा विकल्या गेल्या आणि त्याच जागांत कंपनी भाडेकरू झाली. जानेवारी २००९ मध्ये शेवटची दुकानंही बंद पडली. बुडण्याची कारणं आणखीही होती, पण मंदीत तग धरायला पायाखालची जमीन उरली नव्हती.

डीमार्टने नेमकं उलटं केलं. शक्यतो जागा विकत घ्यायची, नाहीतर दीर्घ मुदतीचा पट्टा करायचा. मालाचे पैसे पुरवठादाराला लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा. दुकानं सावकाश वाढवायची. पेठेतला जुना वाणी हेच करत आला आहे. त्याचं दुकान खाली, घर वर किंवा मागे. भाड्याचा महिना त्याला येत नाही, म्हणून एखादा वाईट हंगाम तो पचवतो.

अक्कलकोटची पेठ वाढली ती संस्थानच्या आश्रयाने. स्वामी समर्थ १८७८ पर्यंत वीसेक वर्षं इथे राहिले आणि गावाला दुसरा आधार मिळाला. १८७१ पर्यंत रेल्वे सोलापूरवरून रायचूरला पोचली, तरी अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दहा-बारा किलोमीटर लांबच राहिलं. आज वटवृक्ष मंदिराच्या वाटेवर हार, नारळ, पेढे, तसबिरी यांना गिऱ्हाइकाची ददात नाही. मात्र भाविक डाळ-तांदूळ घ्यायला येत नाही. ते घेणारं घर महिन्याच्या सामानाला चाळीस किलोमीटरवरच्या सोलापूरला जातं, नाहीतर मोबाइलवर मागवतं. मंदिराभोवतीच्या जागेला मोल चढतं आणि ते भाडं प्रसादाच्या दुकानाला झेपतं, किराणा-कापडाच्या दुकानाला झेपत नाही. भाड्याच्या गाळ्यातला दुकानदार आधी उठतो, स्वतःच्या जागेतला टिकून राहतो.

माझं मत स्पष्ट आहे. पेठ वाचवायची तर स्वस्ताईच्या शर्यतीआधी जागेचा प्रश्न सोडवायला हवा. अक्कलकोटचा तीर्थक्षेत्र विकास आराखडा मंजूर झाला आहे. रस्ते रुंद होताना ज्या जुन्या दुकानांना जागा सोडावी लागेल, त्यांना नगरपरिषदेने पेठेतच गाळे द्यावेत, आणि तेही मालकी हक्काने. ते जमत नसेल तर निदान तीस वर्षांचा पट्टा करून द्यावा आणि भाडेवाढ किती, कधी, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहावं.