शिखरस्थानांची पडताळणी, समोच्चरेषांवरून

नोंदलेले अक्षांश-रेखांश खरोखर शिखराच्या माथ्यावर पडतात की नाही, हे समोच्चरेषांच्या नकाशावर तपासण्याची पद्धत. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या या रेषांची माथ्याभोवती एकात एक बंद वलये होतात. नोंदीतला बिंदू सर्वांत आतल्या वलयात पडावा आणि शिखराची उंची त्या वलयाशी जुळावी, एवढीच कसोटी. कळसूबाईची उंची १६४६ मीटर. २० मीटर अंतराने रेषा काढलेल्या नकाशावर तिचे शेवटचे वलय १६४० मीटरचेच हवे. बिंदू १५०० मीटरच्या रेषेजवळ पडला, तर उंचीचा आकडा बरोबर असूनही स्थान चुकलेले असते.

अशा चुका मोजणीपेक्षा आकडे उतरवून घेतानाच जास्त होतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १.८५ किलोमीटर. सेकंद गाळून आकडा जवळच्या मिनिटावर आणला, की शिखर उत्तर-दक्षिण ९०० मीटरपर्यंत सरकू शकते; सह्याद्रीत तेवढ्यात माथ्याची दरी होते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) एव्हरेस्ट लंबगोल या पृथ्वीच्या आकाराच्या गृहीत प्रारूपावर आधारलेल्या, तर जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ प्रणालीवर चालते. रूपांतर न करता आकडे मिसळल्यास महाराष्ट्रात शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. एकाच टोपोशीटवरची सगळी शिखरे एकाच दिशेला सरकलेली दिसली, तर संशय इथेच घ्यावा. शिवाय नकाशावर डोंगराचे नाव मोकळ्या जागेत छापतात, आणि घाईत त्या अक्षरांनाच शिखर समजले जाते.

समोच्चरेषा कशापासून काढल्या आहेत, हेही पाहावे लागते. फेब्रुवारी २०००मध्ये एन्डेव्हर यानातून झालेल्या रडार मोजणीतून (एसआरटीएम) सुमारे ३० मीटरच्या चौकटींची उंची मिळते. प्रत्येक चौकटीला एकच आकडा असल्याने अरुंद सुळके प्रत्यक्षाहून बुटके दिसतात. तेथे उंची थोडी कमी भरली म्हणून नोंद खोटी ठरवू नये. १:५०,००० प्रमाणावर एक मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, त्यामुळे कागदावरून याहून फार बारीक निर्णय देता येत नाही.

बेसॉल्टच्या सपाट माथ्यांवर ही पद्धत तोकडी पडते. शेवटचे वलय मोठे पसरलेले असते आणि त्यातला सर्वोच्च बिंदू रेषा सांगत नाहीत. तेथे नकाशावर आकड्याने छापलेली बिंदूची उंची किंवा त्रिकोणमितीय स्थानकाचे चिन्ह प्रमाण मानावे. दोन्ही नसल्यास माथ्यावर जाऊन मोजणी करावी लागते.