गवताचा भाव आणि उन्हाचे कमिशन

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्यांचे काम निघाले, मग पाहुणे, मग आळस! असो. आजचा विषय माझ्या गच्चीवरून सुरू होतो आणि तलासरीच्या गवताळ माळावर जातो. थोडा धीर धरून वाचा.

तीन-चार महिन्यांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. तलासरीकडच्या एका पाड्यावरचा. सातवीला माझ्या वर्गात होता, आता चाळिशीचा आहे. पाठीला सॅक, हातात रंगीत कागदांची फाइल. "बाई, तुमच्या गच्चीवर सोलर बसवू या," म्हणाला. डहाणूला उन्हाची कमतरता नाही, माझी गच्ची मोकळी, शिवाय केंद्र सरकारची सूर्यघर योजना २०२४ च्या फेब्रुवारीपासून सुरू आहेच. त्याने भराभर हिशेब मांडला. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान. त्याहून मोठे बसवले तरी अनुदान तेवढेच. पैसे आधी आपण द्यायचे (किंवा बँकेचे कर्ज काढायचे), पॅनेल बसून नेट मीटर लागला की अनुदान आपल्या खात्यात. मी ३ किलोवॅटच्या कागदावर सही करून मोकळी झाले. विद्यार्थ्याला नाही कसे म्हणणार?

आठवड्याने पुण्याहून मुलगा आला. त्याने बिले काढून बघितली. माझा वापर महिन्याला दीडशे युनिटच्या आसपास. एक किलोवॅट पॅनेल महिन्याला साधारण शंभर ते सव्वाशे युनिट देते. "आई, तुला तीन कशाला?" म्हणाला. मलाही पटले. मी फोन करून सांगितले, राहू दे बाबा, रद्द कर. तो "बरं बाई" म्हणाला, बाकी काही नाही.

पुढे महिनाभराने तो बाजारात भेटला तेव्हा चेहरा उतरलेला होता. खोदून विचारले तेव्हा कळले. माझ्या सहीवर त्याला कमिशनचा पहिला हप्ता मिळाला होता. मी रद्द केल्यावर कंपनीने तो पुढच्या पैशातून वळता करून घेतला. पेट्रोलसाठी दिलेली उचलही त्याच वेळी कापली. त्या महिन्यात त्याच्या हातात जवळजवळ काही आले नाही. (कंपनीचे नाव लिहीत नाही. एका कंपनीची ही गोष्ट नाही.)

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. मी एक फोन केला आणि एका घरातला महिन्याचा किराणा गेला, हे मला माहीतच नव्हते!

दुसऱ्या दिवशी त्याला चहाला बोलावले आणि त्याच्याकडून धडा घेतला. सोलर विकणाऱ्याला पैसे मिळतात ते तीन तऱ्हांनी. पहिली तऱ्हा म्हणजे थोडा पगार आणि वर विक्रीप्रमाणे इन्सेंटिव्ह. पण पगार चालू राहायला दर महिन्याचे टार्गेट गाठावे लागते. दुसरी तऱ्हा निव्वळ कमिशनची, किलोवॅटमागे अमुक. हिशेबाला सोपे म्हणून हजार रुपये धरा. म्हणजे माझ्या गरजेपेक्षा मोठे पॅनेल विकले तर त्याला तीन हजार, नेमके विकले तर दोन. तिसरी तऱ्हा मार्जिनची. कंपनी एक तळभाव सांगते, त्याच्या वर जेवढे गिऱ्हाइकाकडून मिळेल तेवढे विकणाऱ्याचे. तिसऱ्या तऱ्हेत शेजारच्या दोन घरांना एकाच मालाचे दोन भाव पडतात, आणि दोन्ही घरांना ते कधी कळत नाही.

पैसे केव्हा मिळतात, हे त्याहून महत्त्वाचे. थोडे सही झाल्यावर, थोडे कर्ज मंजूर झाल्यावर किंवा गिऱ्हाइकाचा हप्ता आल्यावर, आणि उरलेले नेट मीटर लागल्यावर. कर्ज बँकेच्या हातात, मीटर वीज कंपनीच्या हातात, बसवणारे कारागीर आणखी कुणाच्या हातात. विकणाऱ्याच्या हातात यातले काहीच नाही, पण थांबायचे मात्र त्याने. पाऊस लागला की गच्चीवरचे काम थांबते आणि त्याबरोबर त्याचे पैसेही.

मी सरळ विचारले, "मला तीन किलोवॅट का रे सांगितलेस?" तो खाली बघत म्हणाला, "बाई, तीनचे मला जास्त मिळतात. आणि त्या महिन्यात टार्गेट भरत नव्हतं." खोटे बोलला नाही याचे बरे वाटले.

आता जरा मागे जाऊ. त्याचे आजोबा मला आठवतात. नव्वदच्या दशकात एकदा शाळेत दाखल्यासाठी आले होते. काम व्हायला वेळ होता म्हणून बाकावर बसून बोलत राहिले. ते लहान असतानाच्या गवताच्या संपाची गोष्ट मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकली. पुस्तकातून नंतर वाचली.

आमच्या या पट्ट्यात तेव्हा जमीन सावकार-जमीनदारांची, गवत त्यांचे आणि जंगल ठेकेदारांचे. वारल्यांकडून वेठ घेतली जाई, म्हणजे बिनमोबदल्याचे काम. लग्नासाठी कर्ज काढले तर नवराबायको दोघे ते फेडायला सावकाराकडे राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ ला झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि हा पूर्वेकडचा भाग तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेतर्फे तिथे होते. वेठ करायची नाही, असा निश्चय त्या परिषदेत झाला.

वेठ थांबली, पण मग प्रश्न आला मजुरीचा. पावसाळा सरला की माळावरचे गवत कापायचे आणि त्याच्या गाठी मुंबईच्या तबेल्यांना जायच्या. मोठा व्यापार होता तो. कापणाऱ्यांची मागणी होती ५०० पौंड गवताला अडीच रुपये. ५०० पौंड म्हणजे सव्वादोनशे किलोहून थोडे जास्त. कापून पाहिलेल्यालाच ते कळेल! त्यासाठी संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चारजण त्यात मेले. पुढच्या वर्षी जंगलकामासाठी दिवसाला सव्वा रुपया ही मागणी पुढे आली. हे सगळे गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. ते १९७० साली निघाले, आणि माझ्या मते आमच्या भागातल्या प्रत्येक शिक्षकाने वाचायला हवे.

पण आज मला त्या मागणीतली एक गोष्ट सांगायची आहे. गवताची मागणी दिवसाच्या रोजाची नव्हती. वजनावर होती, म्हणजे जेवढे काम तेवढे दाम. आजच्या भाषेत म्हणायचे तर ते एक प्रकारचे कमिशनच! कापणाऱ्यांना मापावर पैसे घ्यायला हरकत नव्हती. भाव आधी ठरलेला हवा, सगळ्यांना सारखा हवा आणि सगळ्यांना माहीत हवा, एवढेच म्हणणे होते. आजोबा त्या दिवशी म्हणाले होते, "बाई, हात आमचे होते, काटा आमचा नव्हता." तेव्हा मी नुसती मान हलवली. आता नातवाची गोष्ट ऐकल्यावर त्या वाक्याचा अर्थ लागला.

आणखी एका कमिशनवाल्याची आठवण सांगते. मी १९७३ ला नोकरीला लागले तेव्हा शाळेत विम्याचे एजंट सायकलवर यायचे. आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ ला झाले, पण एजंटाच्या कमिशनची मर्यादा त्याआधीच कायद्यात आली होती. पहिल्या वर्षीच्या हप्त्यावर जास्तीत जास्त ३५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, आणि पुढे पॉलिसी चालेल तितकी वर्षे ५ टक्के. आपल्या कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देऊन त्याला फोडायलाही मनाई होती. (प्रत्यक्षात काय चालायचे ते तुम्हीही जाणता!)

आमचे एजंटकाका दरवर्षी हप्त्याच्या वेळी हजर. चहा घ्यायचे, मुलांची चौकशी करायचे, "बाई, हप्ता चुकवू नका," म्हणायचे. मला वाटायचे, किती आपुलकी! आपुलकी होतीच, पण ते ५ टक्केही होते. मी हप्ता भरला तर त्यांना मिळणार, पॉलिसी बंद पडली तर नाही. त्यांचे हित आणि माझे हित एका दावणीला बांधले होते. ज्याने ते टक्के ठरवले तो शहाणा माणूस असला पाहिजे.

सोलरमध्ये हेच नाही. पॅनेलची कामगिरीची हमी साधारण २५ वर्षांची असते, पण विकणाऱ्याचा संबंध मीटर लागला की संपतो. पॅनेल धुळीने माखले, इन्व्हर्टर बंद पडला, बिल कमी झालेच नाही, तर त्याला येऊन बघायचे कारण उरत नाही. आला तर तो त्याचा चांगुलपणा, आणि पेट्रोल त्याच्या खिशातले. गवत कापणाऱ्याला निदान कापलेल्या गवताचे मागायचे होते. याला तर न झालेल्या विक्रीच्या मागे हिंडल्याचे दिवस स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतात.

माझा हा विद्यार्थी आधी सौर कृषिपंपांच्या मागे होता. तिथे शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्केच भरायचे असतात. किंमत सरकारी, पण पुरवठादार कोणता ते शेतकऱ्याने निवडायचे. म्हणून हे लोक पाड्यापाड्यावर जाऊन "आमची कंपनी निवडा" सांगत फिरतात. निवड झाली तर पैसे, नाही तर पायपीट फुकट.

हे फक्त आपल्याकडचे नाही. माझा एक भाचा कॅलिफोर्नियात असतो (तो हे वाचतो, म्हणून जपून लिहिते). त्याने सांगितले, तिकडेही दारोदार फिरून सोलर विकणारी पोरे बरीचशी कमिशनवर. तळभावाला तिकडे 'रेडलाइन' म्हणतात, हिशेब वॅटमागे, आणि गिऱ्हाईक फिरले तर दिलेले पैसे परत. अनेकजण कागदोपत्री नोकरच नसतात, स्वतंत्र कंत्राटदार असतात. एप्रिल २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाने ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला खूप कमी केला. घरमालकांना मिळणारी ३० टक्क्यांची केंद्रीय करसवलत २०२५ अखेर संपली. नियम राजधानीत बदलला की पहिला फटका दारावरच्या पोराला, हे इथे आणि तिथे सारखेच.

आता माझे स्वतःचे. मी ३६ वर्षे नोकरी केली. पगार दर महिन्याला आला. पोरे पास झाली तरी आला, नापास झाली तरी आला. पावसात शाळेचे छप्पर गळून आठवडाभर वर्ग भरला नाही तरी कुणी माझा पगार वळता करून घेतला नाही. आणि अशी मी वर्गात पोरांना सांगत होते, "मेहनत करा, फळ मिळेल." मेहनतीचे फळ कोण मोजतो आणि कधी देतो, हे मी त्यांना कधी शिकवले नाही. याची आता लाज वाटते.

मी त्याला बुडालेले पैसे देऊ केले. त्याने घेतले नाहीत. "बाई, ही मदत झाली. कमाई नाही," म्हणाला. बरोबरच आहे. मग मुलाशी बोलून २ किलोवॅटची ऑर्डर पुन्हा त्याच्याकडूनच दिली. उन्हाळ्यात पाहुणे असतात, पंखे दिवसरात्र चालतात, तेवढे लागते. अनुदान ६० हजार.

मग विचारले, "तुला कंपनीने लिहून काय दिलंय?" काहीच नाही! कमिशनचा दर व्हॉट्सअ‍ॅपवर, तोही दोनदा बदललेला. म्हणून आम्ही दोघे माझ्या जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि पत्र लिहिले. किलोवॅटमागे किती, कोणत्या टप्प्याला किती, किती दिवसांत, गिऱ्हाइकाने रद्द केल्यास किती कापणार, पेट्रोलची उचल कधी फिटली समजायची, हे सर्व लेखी कळवावे. आणि शेवटचा मुद्दा माझ्या आग्रहाने घातला. बसवलेल्या पॅनेलची वर्षातून एकदा पाहणी केल्यास त्याचे काय देणार? मजकूर त्याचा, शुद्धलेखन माझे. 'स्नेहांकित' लिहिले होते, ते खोडून 'आपला विश्वासू' केले.

आणखी चार-पाच विकणाऱ्या मुलांनी खाली सह्या केल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही. पॅनेल मात्र आले, गच्चीवर उन्हात चमकते आहे. मीटर लागायचा आहे, म्हणजे त्याचे पैसेही यायचे आहेत. रोज सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्याची आठवण होते.

तुमच्या दारावर असा कुणी आला तर घ्या किंवा घेऊ नका, पण त्याला पाणी द्या आणि एकदा विचारा, तुला यातले किती आणि कधी मिळणार? बघा काय सांगतो ते. मला जरूर कळवा.