गाणं अल्बर्टाचं, पैसा कुणाचा?

ब्लूज म्हटलं की आपल्याकडचे संगीताचे जाणकार लगेच 'वेदना' हा शब्द काढतात. काळ्यांची वेदना, गुलामगिरीची वेदना आणि मग त्या वेदनेतून फुललेली कला. वेदना होतीच, ती कोण नाकारतंय? पण वेदनेचं कौतुक करणारे हिशेब विचारत नाहीत. गाणं कुणी रचलं, तबकडी कुणी विकली आणि पैसा कुणाच्या खिशात गेला, हे प्रश्न त्यांना बेसुरे वाटतात. म्हणून आज अल्बर्टा हंटर या काळ्या गायिकेबद्दल आणि तिच्या तबकड्यांबद्दल मुद्दाम हिशेबाच्या बाजूने लिहिते आहे.

अल्बर्टाचा जन्म १८९५ चा, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातला. बाप रेल्वेच्या पुलमन डब्यांवर पोर्टर होता, तो घर सोडून गेला. आई एका कुंटणखान्यात मोलकरीण. कोवळ्या वयात ही पोरगी शिकागोला गेली. तिथे आधी स्वयंपाकाचं काम केलं आणि मग दारूच्या अड्ड्यांवर गायला लागली. तिथून ती ड्रीमलँड कॅफेपर्यंत पोहोचली. किंग ऑलिव्हरसारखा वादक जिथे वाजवायचा, ती ही जागा.

त्या वेळी तबकड्यांच्या धंद्यात एक समज पक्का होता : काळी माणसं तबकड्या विकत घेत नाहीत. १९२० मध्ये ओके कंपनीने मेमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' बाजारात आणलं आणि ते धडाक्याने खपलं. समज मोडला, पण भेद मोडला नाही. कंपन्यांनी काळ्या गायकांसाठी 'रेस रेकॉर्ड' नावाचा वेगळा विभाग काढला. यंत्र तेच, लाख तीच, दुकानातले पैसेही तेच. फक्त यादी वेगळी. गावकुसाबाहेरची वस्ती आपल्याला माहीत आहे. ही कॅटलॉगमधली वस्ती.

याला उत्तर द्यायचा प्रयत्न झाला. हॅरी पेस या काळ्या उद्योजकाने १९२१ मध्ये 'ब्लॅक स्वान' ही कंपनी काढली. तिच्या संचालकांमध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिलं, तेच हे ड्यू बॉइस. अल्बर्टाची पहिली ध्वनिमुद्रणं याच ब्लॅक स्वानसाठी झाली. पण कंपनी टिकली नाही. १९२४ मध्ये तिचा साठा पॅरामाउंटच्या ताब्यात गेला. आणि पॅरामाउंट ही मुळात कुणाची? विस्कॉन्सिन चेअर कंपनीची, म्हणजे खुर्च्या-टेबलं बनवणाऱ्यांची!

तोवर अल्बर्टाही पॅरामाउंटकडे आलेली होती. १९२२ मध्ये तिने तिथे 'डाउनहार्टेड ब्लूज' गायलं. हे गाणं तिचं स्वतःचं. संगीत लव्ही ऑस्टिन या काळ्या पियानोवादक बाईसोबत बांधलेलं. दोन काळ्या बायकांनी मिळून केलेली ही निर्मिती आहे. संगीताच्या इतिहासात बायका बहुतेक वेळा 'आवाज' म्हणून येतात, रचनाकार म्हणून क्वचितच. म्हणून ही नोंद ठळक करून ठेवा.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, बेसी स्मिथने हेच गाणं कोलंबिया कंपनीसाठी गायलं. ती तिची पहिली तबकडी. सहा महिन्यांत ७ लाख ८० हजार प्रती खपल्या, असा आकडा सगळीकडे दिला जातो. अल्बर्टाला रॉयल्टीपोटी मिळाले ३६८ डॉलर. पॅरामाउंटमध्ये काळ्या कलावंतांचं काम बघणाऱ्या मेयो विल्यम्सने गाण्याचे हक्क तिच्या परस्पर कोलंबियाला विकले होते आणि रॉयल्टी स्वतःकडे वळवली होती. हे कळल्यावर अल्बर्टाने त्याच्यासाठी गाणं बंद केलं. आणि बेसी? जिच्या आवाजावर कंपनी सावरली, तिलाही प्रत्येक बाजूमागे ठरावीक रक्कम. विक्रीत वाटा नाही.

इथे थांबून एक अवघड गोष्ट बोलायला हवी. मेयो विल्यम्स गोरा नव्हता. तो काळाच होता, ब्राउन विद्यापीठाचा पदवीधर होता. पॅरामाउंट त्याला पगार देत नव्हती. त्याची कमाई प्रकाशनहक्कांतून होती. म्हणजे मालकाने यंत्रणाच अशी उभी केली होती, की आपल्या माणसाचं पोट आपल्याच माणसाच्या हक्कावर चालावं. हे सांगून मी विल्यम्सला माफ करत नाही. पण नुसतं 'आपला माणूस वर बसला' म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले होते : ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकीशी लढताना दुसरीला घरात घेतलं, की काय होतं ते या ३६८ डॉलरमध्ये दिसतं.

अल्बर्टा मात्र रडत बसणारी नव्हती. १९२४ मध्ये पॅरामाउंटच्या कराराला वळसा घालून तिने जेनेट कंपनीसाठी लुई आर्मस्ट्राँगसोबत गाणी केली. तबकडीवर नाव घातलं जोसेफिन बिटी, हे तिच्या सावत्र बहिणीचं नाव. ज्या करारात तिचं नाव कंपनीकडे बांधलेलं होतं, त्यातून तिने आवाज तेवढा सोडवून घेतला. १९२८ मध्ये ती लंडनला पॉल रोबसनबरोबर 'शो बोट'मध्ये रंगमंचावर उभी होती.

आई गेल्यावर तिने गाण्याचा धंदा सोडला आणि साठी ओलांडलेली असताना, वय कमी सांगून, नर्सिंगचं शिक्षण घेतलं. न्यूयॉर्कच्या गोल्डवॉटर मेमोरियल रुग्णालयात तिने वीस वर्षं रुग्णसेवा केली. मध्ये १९६१ मध्ये शिकागोत लव्ही ऑस्टिनबरोबर पुन्हा ध्वनिमुद्रण केलं, ते नोकरी सांभाळून. १९७७ मध्ये सत्तर वर्षं पूर्ण झाली समजून रुग्णालयाने तिला निवृत्त केलं. खरं वय होतं ८२! त्यानंतर ती पुन्हा गायला उभी राहिली. १९८० मध्ये तिचा 'अ‍ॅमट्रॅक ब्लूज' हा अल्बम आला, तोही कोलंबियाकडूनच. १९८४ मध्ये ती गेली.

या कथेला 'जिद्दीची कहाणी' म्हणून हार घालणं सोपं आहे. पण एवढ्या मोठ्या खपाचं गाणं रचणारी बाई साठीनंतर पगाराच्या नोकरीत होती, हेही त्याच कथेत आहे. तिने ती नोकरी स्वतः निवडली आणि मान ताठ ठेवून केली, म्हणून लुटीची रक्कम कमी होत नाही.

आपल्या वस्त्यांतही गाणारे आहेत, रचणारे आहेत, गायन पार्ट्या आहेत. जयंतीला आपण त्यांना शाल देतो, नारळ देतो. ते द्याच. पण त्यासोबत दोन प्रश्नही विचारा : रचना कुणाच्या नावावर नोंदली आहे? आणि सही करण्याआधी कागद कुणी वाचून दाखवला का? टाळ्या त्यानंतर वाजवू.

जयभीम.