झांजीबारची दारं आणि आपल्याकडची कवाडं

आपल्या मंडळात मागे वाड्यांवर बोलणं झालं तेव्हा मी म्हटलं होतं की दारांवर वेगळं लिहीन. ते लिहिणं लांबत गेलं, कारण मध्ये आफ्रिकेतली दारं आडवी आली.

२०२२ साली कारखान्याच्या कामासाठी मला टांझानियात दार-ए-सलामला जावं लागलं. यंत्रं बसवून, चालवून दाखवून परत यायचं, एवढंच काम. (गावाच्या नावातल्या 'दार'चा आपल्या दाराशी संबंध नाही. अरबीत दार म्हणजे घर, शांततेचं घर असा त्या नावाचा अर्थ.) एक सुटा भाग बंदरात अडकला आणि तीन दिवस हातात रिकामे आले. समोर समुद्रात झांजीबार बेट. बोटीने दोनेक तासांत पोचलो. सोबतचे लोक समुद्रकिनाऱ्याकडे गेले, मी जुन्या गावात शिरलो आणि तिन्ही दिवस तिथेच होतो. खिशात पाच मीटरचा टेप होता. तो माझ्या खिशात नेहमीच असतो.

जुन्या गावाला स्टोन टाउन म्हणतात. २००० साली ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. प्रवाळाच्या दगडाची, चुन्याची उंच घरं, मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून कशीबशी जातील अशा गल्ल्या. भिंती बहुतेक साध्या, रंग उडालेल्या. सगळी श्रीमंती दारात. अशी कोरीव दारं तिथे पाचशेच्या वर आहेत असं सांगतात. मी साठेक पाहिली आणि घरमालकांना विचारून एकोणीस दारांची मापं घेतली. एका म्हातारबाबाने टेपचं दुसरं टोक धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही.

ही दारं आली कुठून, हे समजायला थोडा इतिहास सांगतो. ओमानचा सुलतान सय्यद सैद याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आपली राजधानी मस्कतहून झांजीबारला हलवली. लवंग, हस्तिदंत आणि माणसं, या तीन गोष्टींच्या व्यापारावर ते बेट गब्बर झालं. जकातीचा ठेका कितीतरी वर्षं कच्छच्या जयराम शिवजी या भाटिया पेढीकडे होता. म्हणजे सुलतान अरब, हिशेब कच्छी आणि व्यवहारात आपला रुपया. पुढे सुलतान झालेला बर्गश याने तरुणपणी भावाविरुद्ध बंड केलं आणि फसलं, तेव्हा १८५९ मध्ये इंग्रजांनी त्याला मुंबईला पाठवून दिलं. दोनेक वर्षं तो मुंबईत होता. गादीवर आल्यावर १८८३ मध्ये त्याने 'आश्चर्यमहाल' बांधला, बेत-अल-अजायब. त्या महालाचा काही भाग डिसेंबर २०२० मध्ये कोसळला, त्यामुळे मला तो पत्र्याच्या कुंपणाबाहेरूनच पाहावा लागला.

जुनी अरब पद्धतीची दारं चौकोनी. वरची पट्टी सरळ, तीवर कुराणातलं वचन, कधी मालकाचं नाव आणि हिजरी साल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी वरची बाजू कमानदार होते, कोरीवकाम दाट होतं, वेलबुट्टी वाढते. हा हिंदुस्थानी हात. आणि तिसरी जात बाजारपेठेतली, तिला तिथे सरळ गुजराती दार म्हणतात. पानं छोट्या छोट्या चौकोनांत विभागलेली आणि दुमडणारी, म्हणजे सकाळी दार घडी करून बाजूला सारलं की घराचं दुकान होतं. आपल्याकडच्या जुन्या पेठांतली फळ्यांची दुकानं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको.

लाकूड बरंचसं सागवान, हिंदुस्थानातून आलेलं. स्थानिक लाकडंही वापरली आहेत, फणससुद्धा. पण मोठ्या घरांना साग हवा असे. जहाजं मोसमी वाऱ्यावर इकडून जायची आणि वारा फिरला की परत यायची. जाताना कापड, भांडी, लाकूड, येताना लवंग आणि हस्तिदंत. एका दुकानदाराने, ज्याचे आजोबा मांडवीहून गेलेले, मला हिंदीत सांगितलं की त्याच्या घरचं दार तयार कोरून जहाजातून आलं, इथे फक्त जोडलं. कागद त्याच्याकडे नव्हता. पण चौकटीच्या आतल्या अंगाला सांध्यासांध्यावर छिन्नीने केलेल्या खुणा होत्या, एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. सुतार चौकट एका जागी जुळवतो, सोडवतो आणि दुसरीकडे पुन्हा उभी करतो तेव्हा अशाच खुणा घालतो. आम्हीही यंत्र सुटं करून पाठवताना हेच करतो, फक्त रंगाने. त्या माणसाचं म्हणणं मला पटलं.

आता पितळी गुबारे. जवळजवळ प्रत्येक मोठ्या दारावर पितळेचे मोठे गोल गुबारे रांगेत ठोकलेले असतात. वाटाडे सांगतात, हत्तीने धडक देऊ नये म्हणून हिंदुस्थानात असे खिळे लावायचे, तीच पद्धत इकडे आली. झांजीबार बेटावर हत्ती नाहीत. शिवाय आपण शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहिलेला असतो. १७३२ च्या त्या वाड्याचे खिळे फूटभर लांब, टोकदार आणि बरोबर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर आहेत. झांजीबारचा गुबारा बोथट, जेमतेम दोन-तीन इंच वर आलेला आणि गुडघ्यापासून डोक्यापर्यंत सारख्या अंतरावर. मी तीन दारं आतून पाहिली. मागच्या आडव्या पट्ट्या जिथे आहेत नेमक्या तिथेच पुढे गुबाऱ्यांच्या रांगा आहेत. उभ्या फळ्या आणि मागच्या आडव्या पट्ट्या एकत्र धरणारा खिळा आरपार काढून मागे वाकवलेला, आणि त्याचं डोकं झाकायला पितळ. हत्तीची आठवण त्यात असेलही, काम मात्र फळ्या धरण्याचं आहे. आपल्याकडच्या वाड्यांच्या दारांवर लोखंडी फुलं असतात तीही उलट बाजूने बघा, हेच दिसेल.

दुसरी गोष्ट साखळीची. चौकटीच्या कडेने साखळीसारखी कोरलेली पट्टी दिसली की वाटाडे आवाज खाली करून सांगतात, हे गुलामांच्या व्यापाऱ्याचं घर. ऐकणारे फोटो काढतात. मला हे वाचन घाईचं वाटतं. पिळाच्या दोरीची, साखळीची पट्टी ही सुताराची नेहमीची किनार आहे. सौंसरकडच्या दोन वाड्यांत ती आहे आणि तिथे कापसाचा व्यापार व्हायचा. घराचा मालक कोण होता हे दस्तऐवज सांगतील, किनार सांगणार नाही. मात्र यातून उलट अर्थही काढू नये. त्या दारांना लागलेला पैसा कुठून आला याबद्दल शंका नाही. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर १८७३ मध्ये झांजीबारला गेले, त्याच वर्षी तह होऊन गुलामांचा बाजार बंद झाला, आणि बाजाराच्या जागेवर आज चर्च उभं आहे. गुलामगिरी कायद्याने जायला १८९७ साल उजाडलं. साधं, बिनसाखळीचं दार असलेलं घरही त्या पैशाबाहेरचं नव्हतं.

वाटाड्याने आग्रहाने आणखी एक दार दाखवलं, फ्रेडी मर्क्युरी या प्रसिद्ध गायकाचं. पारशी घरातला हा मुलगा १९४६ मध्ये झांजीबारला जन्मला आणि शाळेला आला कुठे, तर पाचगणीला! इंग्रजी गाण्यांत मला गम्य नाही, पण पाचगणी म्हटल्यावर मीही फोटो काढला.

माझं खरं लक्ष गेलं ते दार फिरतं कसं याकडे. बिजागरी नाही. पानाला वर-खाली चूळ आहे, वरची चौकटीच्या भोकात आणि खालची उंबरठ्याच्या खळग्यात. दोन पानांतल्या फटीवर येणारी मधली कोरीव पट्टी डाव्या पानाला जोडलेली, म्हणून उजवं पान आधी उघडतं. तिथे उजव्या पानाला नर आणि डाव्याला मादी म्हणतात. आता हिशेब करून पाहा. अडीच फूट रुंद, आठ फूट उंच आणि अडीच इंच जाड सागवानी पानाचं वजन सत्तर किलोच्या आसपास भरतं, पितळ वेगळं. हे पान बिजागरीवर टांगलं तर ते वरच्या स्क्रूला सतत बाहेर ओढत राहणार, आणि दहा-वीस वर्षांत दार जमिनीला घासायला लागणार. चुळीवर उभं केलं की वजन सरळ खाली जातं, चौकटीला वर फक्त तोल सांभाळायचा. खळग्यात थेंबभर तेल टाकलं की दीडशे वर्षांनीही सत्तर किलोचं पान एका बोटाने सरकतं. मी सरकवून पाहिलं.

हे मी आधी पाहिलं होतं, बोरगावपासून फार लांब नाही अशा एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे कळेल. जाम नदीच्या बाजूचा वाडा, संत्र्याच्या बागा असलेल्या जुन्या मालगुजाराचा. ढाळजेचं दार तसंच चुळीवर, तसंच सागवानी. फक्त इथे साग जहाजातून आला नाही, सातपुड्यातून बैलगाडीने आला. कपाळपट्टीवर मध्ये गणपती, दोन्हीकडे कमळं आणि पोपट. मोठ्या पानात वाकून जायची दिंडी. आतून भिंतीच्या पोटात सरकणारा अडसर. झांजीबारला सांगतात की घर बांधताना आधी दार उभं करायचे आणि मग भिंती. आपल्याकडेही चौकट उभी करताना पूजा होते, हळद-कुंकू लागतं, आणि भिंत मग चौकटीला येऊन भिडते. एवढ्या जड चौकटीला दुसरी सोयीची रीतच नाही, हे गवंड्याला विचारा.

आपल्या भागाचं दुखणं असं की आपण कोणाच्याच पुस्तकात नीट बसत नाही. देवगडच्या गोंड राजांचा मुलूख, मग नागपूरकर भोसले, १८५४ पासून इंग्रज, १८६१ मध्ये मध्य प्रांत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि सौंसर-पांढुर्णा छिंदवाड्यासोबत मध्य प्रदेशात राहिलं. २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, पण भाषेचा आणि वाड्यांचा प्रश्न तिथेच आहे. महाराष्ट्रातल्या वाड्यांवर लिहिणारे सीमेपाशी थांबतात, आणि भोपाळकडून लिहिणाऱ्यांना मंदिरं आणि किल्ले पुरतात. नागपूरला भोसल्यांचा कोरीव लाकडाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला आणि काळ्या दगडाचा दरवाजा मागे उरला. त्या पद्धतीचं लाकूडकाम बघायचं असेल तर ते असल्या लहान गावांतच शोधावं लागतं.

तर त्या वाड्याबद्दल. मालक सहा भाऊबंद, एक वगळता सगळे नागपूर-पुण्याला. मागच्या उन्हाळ्यात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी टेम्पो घेऊन आला. चौकटीसकट दाराचे पैसे सांगितले, आणि दाराच्या जागी लोखंडी फाटक फुकट बसवून देतो म्हणाला. गावात राहणारा भाऊ मला म्हणाला, "भाऊ, पावसाळ्यात भितीले पाणी पाझरते, कवाड घेऊन का चाटू मी?" याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं. माणूस चुकीचं बोलत नव्हता. छपराचा खर्च त्याचा एकट्याचा आणि दारात हिस्से सहा.

मी त्याला कायदा सांगितला. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात शंभर वर्षांहून जुनी, इमारतीतून काढलेली वस्तूही येते, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. पण देशातल्या देशात विकायला ती अडचण नाही, आणि व्यापाऱ्याला बाहेर पाठवायचं नसतंच. महानगरातल्या एखाद्या हॉटेलात काच टाकून टेबल केलं की झालं. झांजीबारला १९६४ च्या क्रांतीनंतर घरं ओस पडली, मालक परागंदा झाले आणि दारं अशीच जात राहिली. १९८५ मध्ये जुन्या गावासाठी वेगळी संस्था झाली. तिथल्या गल्ल्यांत आजही चौकटीपुरता भिंतीचा कापलेला चौकोन आणि त्यात पत्रा, असं दिसतं. मी पाहिलेल्या साठांत तशी चार जागा होत्या.

सहा भाऊबंदांपैकी तिघांशी मी फोनवर बोललो. एक म्हणाला विका, एक म्हणाला तुम्हाला वाटेल ते करा, तिसऱ्याने विचारलं की गणपतीच्या पट्टीचं काय करायचं, ती विकायची नसते. बाकी कशाने नाही, त्या गणपतीने व्यवहार तूर्त अडकला आहे. दरम्यान मी आणि मंडळाच्या दोन तरुण सभासदांनी दोन रविवार जाऊन दाराचं पूर्ण माप घेतलं. चौकट, दोन्ही पानं, दिंडी, अडसराचा खाचा, चुळीचा दगड, सगळं कागदावर आहे. कपाळपट्टीवर पातळ कागद ठेवून कोळशाने ठसा घेतला. चौकटीच्या आतल्या अंगाला, चुन्याचे थर हळू खरवडल्यावर, छिन्नीच्या रेघा सापडल्या. एक, दोन, तीन. म्हणजे ही चौकटही दुसरीकडे जुळवून इथे आणलेली. कुठून, ते शोधतो आहोत.

आतापर्यंत सौंसर तालुक्यातली नऊ दारं मोजून झाली आहेत. पांढुर्ण्याची फेरी पोळ्यानंतर ठेवली आहे, गोटमारीच्या दुसऱ्या दिवशी नको, गाव थकलेलं असतं. ज्यांच्या घरी किंवा नात्यात चुळीवर फिरणारं दार अजून आहे त्यांनी कळवावं. शिडी आम्ही आणू, टेपचं दुसरं टोक धरायला घरचं कोणीतरी असावं.