गवत, वारा आणि विस्तव



यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागताना आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "इतिहासावर लिहा, पण घरच्या उपयोगाचे लिहा." मी सातवीपर्यंत शिकलेली. सनावळ्या पाठ करण्याचा सराव सुटून पुष्कळ वर्षे झाली. तरीसुद्धा इतिहासातील एक गोष्ट देवळाली कॅम्पातील प्रत्येक गृहिणीच्या कानावर जावी, असे मला मनापासून वाटते. ती लढाईची नाही की तहाची नाही. ती वाळलेल्या गवताची आहे.

शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 6 जून 1674 रोजी झाला. त्या आधीच्या काळातील त्यांचे एक पत्र इतिहाससंशोधकांनी प्रसिद्ध केलेले आहे. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी पावसाळ्यासाठी राहिली होती. तेथील जुमलेदार, हवालदार वगैरे अधिकाऱ्यांना महाराजांनी ते लिहिले. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, अशा अर्थाचे बोल महाराजांच्या नावाने आपण लहानपणापासून ऐकतो. त्याच वळणाची ताकीद या पत्रात आहे. दाणागोटा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, कुणब्याकडून काही ओढून आणू नका, असे त्यात बजावले आहे. पण पत्राचा मोठा भाग आगीविषयी आहे, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

महाराज लिहितात त्याचा आशय असा. कोणी शेकोटी करील, कोणी भलत्याच जागी चूल मांडील, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल. आजूबाजूला गवत पडले आहे, वारा सुटला आहे, याचा विचार त्याच्या मनात येणार नाही, आणि एकाएकी दगा होईल. एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. गवताच्या एका गंजीवर ठिणगी पडली की एकही गंजी वाचणार नाही. मग कोणाला कितीही शिक्षा केली तरी नवा खण उभारायला एक लाकूडसुद्धा मिळणार नाही. म्हणून अधिकाऱ्यांनी स्वतः फिरून पाहात जावे. रात्री दिवा जळत ठेवू नये, कारण उंदीर पेटती वात ओढून नेतो. गवत आणि खण वाचले तर घोडी वाचतील, नाहीतर घोडदळच बुडेल.

बायांनो, उंदराने वात ओढून नेण्याची धास्ती आपल्या आजीला असे. राज्य चालवणाऱ्या पुरुषालाही ती होती, हे वाचून मला फार नवल वाटले. आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. माझ्या वाचनात आले त्यात आग कशी विझवावी हे नाही. सारा भर ती लागूच नये यावर आहे. गवत, वारा आणि विस्तव या तिघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढेच सूत्र. वारा आपल्या हाती नाही, आणि विस्तव कधी कोणाच्या हातून पडेल याचा नेम नाही. आपल्या हाती उरते ते गवत.

आता आपल्या देवळालीकडे वळू. इंग्रजांच्या अमदानीत मुंबईला बोटीतून उतरलेले गोरे शिपाई आगगाडीने येथे येत आणि मायदेशी परतणारे येथेच बोटीची वाट पाहात. त्या काळी तोफा घोडे ओढीत आणि सामान खेचरे वाही. गोऱ्या घोडदळात घोड्यामागे मोतद्दार असे, तसाच गवत आणणारा माणूसही असे. खुरप्याने तो गवत पार मुळापर्यंत खरडून आणी. गवताला एवढी मागणी होती, की 1889 साली अलाहाबादेस लष्करी फार्मांची सुरुवात झाली. तेथे दुधाबरोबर गवत व चारा यांचीही व्यवस्था पुढे शंभर वर्षांवर चालली. गवत ही तेव्हा मोलाची वस्तू होती, त्यामुळे ते उन्हाळ्यात पेटण्यासाठी शिल्लक राहात नसे. जे घोड्याला नको ते गाई-म्हशी खात, आणि उरलेसुरले छपराला जाई.

पुढे, दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास घोड्यांची जागा मोटारींनी घेतली. घरोघरच्या गाई गेल्या, कौलावर पत्रा आणि पत्र्यावर स्लॅब आला. लष्करी फार्म 31 मार्च 2021 रोजी देशभर बंद झाले. माणसाने गवताकडे पाठ फिरवली, पण पाऊस पडायचा थांबला नाही. आषाढ-श्रावणात कमरेइतके माजणारे गवत कार्तिकात पिवळे पडते आणि माघापासून पेटायला टपून बसते.

रानाच्या बाबतीत सरकारने हा धोका फार पूर्वी ओळखला. 1927 च्या भारतीय वन कायद्याच्या 26 व्या कलमाने राखीव जंगलात आग लावण्यास मनाई आहे. 79 व्या कलमाने, जंगलातून लाकूडफाटा, चारा नेण्याचा हक्क ज्यांना आहे त्यांनी वणवा विझवायला मदत केलीच पाहिजे असे ठरवले आहे. आपल्या राज्यात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा वणव्याचा हंगाम धरतात, आणि त्यापूर्वी वनखात्याची माणसे जाळरेषा काढतात. जाळरेषा म्हणजे गवत कापून व जपून जाळून मोकळा केलेला पट्टा. आग तेथवर आली की तिला खायला काही मिळत नाही. रानाला जाळरेषा आहे, मग वस्तीला का नसावी, हा माझा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, आमची घरे सिमेंटची, त्यांना वणव्याचे काय भय? त्यांनी 14 एप्रिल 1944 चा दिवस आठवावा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाच्या बोटीवर कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकत्र भरलेला होता. दुपारी कापूस धुमसू लागला आणि स्फोट झाले. कापसाचे जळते बोळे दूरवर उडून जेथे पडले, तेथे नव्या आगी लागल्या. बंबावरच्या 66 जवानांनी त्या दिवशी प्राण दिले. त्यांच्या स्मरणार्थ आपल्या देशात 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. आग चालत येते तशी ती उडतही येते, हा त्यातला धडा. अलीकडे अमेरिकेतील वनखात्याच्या कोहेन नावाच्या संशोधकांनीही अभ्यासाने हेच दाखवले, की वणव्यात पुष्कळ घरे ज्वाळेने पेटत नाहीत. उडत आलेली ठिणगी भिंतीलगतच्या पाचोळ्यावर किंवा गच्चीवरच्या अडगळीवर पडते, आणि तेथून घर पेटते.

सिमेंटच्या काळातलीही गोष्ट आहे. हवाई बेटांवर लाहैना नावाचे गाव. त्याच्या भोवती उसाचे मोठे मळे होते. 1999 साली तेथला साखर कारखाना बंद झाला, मळे ओस पडले, आणि तेथे गिनी गवत माजले. हेच गिनी गवत आपल्याकडचे दूधवाले गाई-म्हशींना घालतात. 8 ऑगस्ट 2023 रोजी सोसाट्याच्या वाऱ्यात विजेच्या तारा तुटून सकाळी गवत पेटले. बंबांनी ते विझवले, विझले असे समजून माणसे परत गेली, आणि दुपारी तीच आग पुन्हा भडकली. शंभरावर माणसे गेली, दोन हजारांवर इमारती जळाल्या. पूर्वी कोणी तरी राबत असलेली जमीन बेवारस झाली आणि तिच्यावर गवत वाढले, एवढेच सुरुवातीचे कारण. भगिनींनो, हे वाचताना मला हवाई बेटे दिसली नाहीत. मला आपल्या कॅम्पातील बंद बंगल्यांची ओसाड आवारे दिसली.

गेल्या फाल्गुनात, होळीनंतर चार-पाच दिवसांनी, आमच्या सोसायटीमागच्या अशाच एका आवारातले गवत भर दुपारी पेटले. घरी बहुतेक बायका आणि म्हातारी माणसेच होती. तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट उचलून रस्त्यावर नेले, गॅसच्या टाक्या बाहेर काढल्या, आणि ओली पोती घेऊन आम्ही सातजणी कुंपणाशी उभ्या राहिलो. बंब आला, माणूस वाचला. कुंपणालगतची दोन आंब्याची झाडे आणि एक स्कूटर गेली. जागेच्या मालकांना गवत काढण्याविषयी दोनदा पत्र गेले होते. उत्तर आले नव्हते.

म्हणून माझी सूचना अशी, की आपल्या मंडळाने संक्रांतीच्या हळदीकुंकवाबरोबर गवतकापणीचाही एक दिवस ठरवावा. वाण म्हणून एखाद्या वर्षी विळा लुटला तरी हरकत नाही! दरवर्षी 15 फेब्रुवारीच्या आत एवढे व्हावे:

घराच्या भिंतीपासून पाच फुटांत पाचोळा, लाकडे, खोकी, रद्दी काहीही नसावे. तीस फुटांपर्यंत गवत वीतभरही वाढू देऊ नये. कुंपणापलीकडे मालकाच्या परवानगीने दहा-बारा फुटांचा पट्टा कापून घ्यावा. मालक बोलत नसेल तर एकेकटीने नव्हे, मंडळाच्या शिक्क्याने कँटोन्मेंटकडे अर्ज द्यावा. गच्चीवरच्या पन्हाळी साफ कराव्यात आणि माडाच्या वाळल्या झावळ्या काढाव्यात. कापलेले गवत गोशाळेला किंवा गुरे असलेल्या शेतकऱ्याला द्यावे, पाचोळ्याचे खत करावे. पेटवून मात्र देऊ नये. जाळरेषा जाळणे हे शिकलेल्या माणसांचे काम, आपण फक्त कापायचे. आग दिसली तर आधी 101 वर फोन करावा आणि म्हातारी माणसे व मुले बाहेर काढावीत. ज्वाळा माणसाच्या उंचीच्या झाल्या तर पोते टाकून मागे फिरावे. आणि आग विझली तरी राख उकरून पाणी घालावे, संध्याकाळपर्यंत कोणी तरी लक्ष ठेवावे. लाहैनाने हे फार महाग शिकवले.

यात खर्च थोडा आहे, कष्ट एका दिवसाचे आहेत. खण जळाल्यावर शिक्षा करून लाकूड मिळत नाही, हे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका राजाने आपल्या अधिकाऱ्यांना लिहून ठेवले. आपल्या छावणीत ते वाचायला आता आपणच आहोत. येत्या सभेत गवतकापणीची तारीख ठरवावी, ही सर्व भगिनींना नम्र विनंती.