रामगढच्या भिंती आणि आपल्या वह्या

समाजातील काही कुटुंबांसमवेत आम्ही राजस्थानातील रामगढ शेखावाटी पाहून आलो. आपल्यापैकी अनेक घराणी मारवाडातून आलेली, शेखावाटीतून नव्हे. तथापि घरदार सोडून दूरदेशी पेढी थाटण्याचा वारसा दोहोंचाही एकच होय.

चुरूच्या ठाकुराशी जकातीवरून बेबनाव झाल्यामुळे तेथील पोद्दार घराणे सीकर संस्थानच्या हद्दीत आले व इ. स. १७९१ मध्ये त्यांनी रामगढ वसविले. गुजरातची बंदरे व उत्तर हिंदुस्थान यांमधील उंटांच्या तांड्यांवर हा प्रदेश पोसला गेला. पुढे व्यापार कलकत्ता-मुंबईकडे वळला, तसे शेठही तिकडे गेले. परंतु पैसा गावी येत राहिला. त्यातूनच हवेल्या, विहिरी, धर्मशाळा व छत्र्या उभ्या राहिल्या. बांधकाम करणारे चेजारेच ओल्या चुन्यावर गेरू, नीळ व काजळीने चित्रे रेखाटीत. कृष्णलीला, ढोला-मारू आणि त्यांच्या शेजारीच धूर सोडणारी आगगाडी! आज कित्येक हवेल्यांना कुलपे आहेत. गिलावा गळतो आहे.

त्या भिंतींपुढे उभे असता एक प्रश्न आमच्या मनास टोचीत राहिला. भिंतीवर देव आहेत, शेठ आहेत, साहेब आहेत. पण ज्यांच्याशी व्यवहार करून हा पैसा मिळाला, ते ऋणको कोठे आहेत?

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात ते सापडतात. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) चढलेले कापसाचे भाव युद्धानंतर कोसळले. सरकारने शेतसारा वाढविला. शेतकरी कर्जात रुतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि पुढे आपल्याकडील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरला. जमावाने माणसांवर हात क्वचितच उगारला. त्यांना हवी होती ती खते व रोखे, आणि तीच त्यांनी जाळली. चौकशीसाठी आयोग नेमला गेला व १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या सावकारांत मारवाडी व गुजराती बरेच होते, हे आपण लपवू नये. सारा दोष त्यांचाच होता असे मात्र नव्हे; सारा रोखीने व मुदतीत भरावाच लागे, आणि ती रोकड सावकाराखेरीज कोण देणार?

या कटुतेनंतरही आपली घराणी येथेच राहिली, येथलीच झाली. राजस्थानी मूळ असलेल्या घराण्यातील नगरचे कुंदनमल शोभाचंद फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. ज्या जिल्ह्यात एके काळी आपले रोखे जळले, तेथेच हा विश्वास संपादन झाला. रंगविलेल्या हवेलीपेक्षा हे वैभव आम्हांस मोठे वाटते.

सभासद बंधुभगिनींस एकच विनंती. माळ्यावरील जुन्या वह्या रद्दीत देऊ नका. त्यांतील महाजनी वा मोडी वाचणारे वडीलधारे घरात असतील, तर त्यांच्याकडून त्या वाचवून घ्या, आणि त्यांत जे निघेल, मग ते दान असो की व्याज, जसेच्या तसे मुलांना सांगा. रामगढच्या भिंतींवर जे नाही, ते आपल्या वह्यांत आहे.